आमच्या दारातली धूरहद्द

बालाघाटहून बसने तासाभरावरच्या एका कसब्यात मी नगरपालिकेचा कारकून होतो. साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपूरच्या कारभारातून भोपाळच्या कारभारात येऊन काही वर्षं झाली होती, आणि घरी मराठी, कचेरीत हिंदी अशी माझी जीभ दोन पाळ्यांत काम करायची. माझ्याकडे आरोग्य शाखा होती. म्हणजे मोकाट कुत्री, विहिरीत टाकायची लाल दवा, आणि भरीस भर म्हणून सभेची कार्यवाही लिहिणं.

त्या उन्हाळ्यात आमच्या एकुलत्या एक महिला सदस्य, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मोठ्या बाई, झाकलेलं ताट घेऊन सभेला आल्या. ताटात कुरडया होत्या. गच्चीवर वाळत घातल्या होत्या आणि राइस मिलच्या धुरांड्यातून उडालेली काजळी त्यांच्यावर बसली होती. बाईंनी ते ताट प्रत्येक सदस्यासमोर फिरवलं. एका वयस्कर सदस्याला वाटलं, काळे तीळ घातलेत. त्याने एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि मीठ कमी आहे म्हणाला. बाईंचं म्हणणं एवढंच होतं की मिलच्या धुराचा काहीतरी बंदोबस्त करा.

मिलचे मालक हेच नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. आता जुंपणार म्हणून मी दौतीत टाक बुडवून तयार बसलो. पण उपाध्यक्ष उठले ते बाईंना पाठिंबा द्यायला. ते म्हणाले, धूर वाईटच. पण एका मिलपुरतं बोलणं हा कोतेपणा झाला. तहसील कचेरीपासून तलावापर्यंत सगळा भागच ‘धुआँरहित क्षेत्र’ जाहीर करू. असं क्षेत्र तर बालाघाटलाही नाही. या शेवटच्या वाक्यावर टाळ्या पडल्या.

मग धूर म्हणजे काय, यावर तीन सभा गेल्या. उदबत्ती धूर आहे का? नाही, तो सुगंध. होमाचा? तो धर्म. विडी? सभागृहातले निम्मे सदस्य विडी ओढतच चर्चा करत होते, तेव्हा विडीला ‘व्यक्तिगत श्वास’ ठरवण्यात आलं. रेल्वेच्या इंजिनाबद्दल रेल्वेला पत्र लिहायचं ठरलं. ते मी लिहिलं, उत्तर आलं नाही. शेवटी राहिली मिल. उपाध्यक्ष शांतपणे म्हणाले की धूर चिमणीत असेपर्यंत मिलचा. बाहेर पडला की तो आकाशाचा, आणि आकाश नगरपालिकेच्या हद्दीत येत नाही. मी ते शब्दशः लिहून घेतलं. पुढच्या सभेत वाचूनही दाखवलं. कोणी हरकत घेतली नाही.

ठराव झाला तो असा: क्षेत्रात जमिनीपासून चार हातांच्या आत धूर करण्यास मनाई. ठरावाच्या विरोधात एकच मत पडलं, मोठ्या बाईंचं. चिमणी चार हातांच्या कितीतरी वर होती. खाली राहिल्या त्या घराघरातल्या कोळशाच्या शेगड्या.

त्यावर एका सदस्याने उपाय सुचवला. शेगडी धूर करते ती पेटताना. निखारे लाल झाले की धूर संपतो. तेव्हा लोकांनी हद्दीबाहेर शेगडी पेटवावी आणि लाल झाली की घरी न्यावी. हेही मंजूर झालं.

हद्द आखायचं काम माझ्याकडे आलं. एक मजूर, चुन्याची बादली आणि आमच्या मुख्याधिकारी साहेबांनी काढलेला नकाशा घेऊन मी निघालो. नकाशातली रेघ आमच्याच गल्लीतून जात होती. समोरची घरं आत, आमची ओळ बाहेर. मी माझ्या अंगणाच्या कडेने चुना टाकला तेव्हा मला, खरं सांगतो, बरं वाटलं. आपली शेगडी आपल्या अंगणात पेटवता येणार. माझी बायको लांजीकडची, सहसा माझ्या कामावर खूश नसायची. त्या संध्याकाळी तिनेही मला दोनदा भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच खोकत उठलो. खोली धुराने भरली होती. दार उघडलं तर ओट्यासमोर, चुन्याच्या रेघेच्या अलीकडे, अठरा शेगड्या धुमसत होत्या. गौऱ्यांचे तुकडे, ओला कोळसा, घासलेटचा वास. प्रत्येक शेगडीमागे एक बाई पंख्याने वारा घालत बसली होती. तहसीलदारांच्या पेशकाराची बायको, पोस्टमास्तरीणबाई, समोरच्या मास्तरांची आई. हद्दीच्या आतून त्यांना सगळ्यात जवळचं बाहेर म्हणजे आमचं दार.

बायको डोळे चोळत माझ्यामागे आली. “हे काय होऊन राह्यलं? या काहून इथं बसल्या?”

मास्तरांची आई म्हणाली, “तुयाच मालकानं रेघ मारली न बाई. आमी जाव तरी कुठं?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी अंघोळीला गेलो.

आठवडाभरात आमच्या भिंती करड्या झाल्या. माझे डोळे कायम पाणावलेले; कचेरीत लोकांना वाटायचं घरी कोणी गेलं. मी साहेबांकडे तक्रार केली. ते स्वतः पाहणीला आले, नाकाला रुमाल लावून रेघेच्या आतल्या बाजूला उभे राहिले. धूर त्यांच्या अंगावरूनच वाहत होता. ते म्हणाले, सगळ्या शेगड्या हद्दीबाहेर आहेत, तेव्हा नियम नीट पाळला जातोय. ‘क्षेत्र में धुआँ नहीं पाया गया’ असा अहवाल त्यांनी मला तिथेच ओट्यावर लिहायला लावला. माझ्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडून ‘नहीं’ फिसकटलं, म्हणून तो मला पुन्हा लिहावा लागला.

मग मी खटपट सुरू केली. ओळखीच्या सदस्याला भेटून रेघ शंभर पावलं पुढे सरकवायचा प्रस्ताव आणवला. लगेच पुढच्या गल्लीचे लोक सभेत येऊन बसले: आमच्या दारात नको. त्यांना आत घेतलं. मग त्यापुढचे आले. दर सभेत रेघ कागदावर थोडी थोडी सरकत होती; जमिनीवर मात्र जुनाच चुना होता, कारण अंतिम निर्णय व्हायचा होता. पावसाळा आला आणि गेला. बायका आमच्या ओट्यावर चढून पत्र्याखाली शेगड्या पेटवू लागल्या. शेवटी दिवाळीआधीच्या सभेत कागदावरची रेघ राइस मिलच्या कुंपणाला टेकली. आता पुढचं पाऊल टाकलं तर मिल क्षेत्राच्या आत, आणि तिची भट्टी तर जमिनीवरच होती. उपाध्यक्ष उठून म्हणाले की अशा क्षेत्रामुळे गोरगरिबांना फार त्रास होतो आहे, आपल्याला हे बघवत नाही. ठराव रद्द झाला, एकमताने. मोठ्या बाई त्या दिवशी आल्याच नव्हत्या.

मी जवळजवळ धावत घरी गेलो आणि बायकोला बातमी दिली. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“आता त्या नाई येनार?” तिने विचारलं.

“नाही.”

“अन् तुमाले कोनं सांगतलं होतं हे कराले?”

माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी सकाळी डोळे मिटून अंघोळ करून कचेरी गाठायचो. त्या अठराजणींमध्ये तास-दीड तास काय चालतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. बायको पहाटे उठून सगळ्यांसाठी चहा टाकत होती. पेशकाराच्या बायकोने तिला स्वेटर विणायला शिकवलं होतं. दोन सोयरिकी त्या धुरात जुळल्या होत्या. आम्हाला मूल नव्हतं आणि लग्न होऊन आल्यापासून ती दिवसभर त्या घरात एकटी असायची, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं निराळं.

तिसऱ्या दिवशी तिने मला समोर बसवून अर्ज लिहायला लावला: क्षेत्र पूर्ववत चालू ठेवावं, रेघेबाहेरच्या रहिवाशांची काही हरकत नाही. मी तो मराठीत ऐकला, हिंदीत लिहिला, तिची सही घेतली. कचेरीत जाऊन मीच तो आवक-वहीत नोंदला, मीच शिक्का मारला, साहेबांपुढे मीच ठेवला. साहेबांनी समासात ‘नामंजूर’ लिहिलं. तसं कळवणारं पत्र अर्थातच मला लिहावं लागलं. ‘महोदया’ असं सुरुवातीला घालून मी ते लिहिलं आणि संध्याकाळी घरी नेऊन तिच्या हातात दिलं. पोच म्हणून तिची सहीसुद्धा घेतली.

तिने ते दोनदा वाचलं. “अक्षर चांगलं हाय तुमचं,” म्हणाली, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. थोड्या वेळाने मीही जाऊन बसलो. मी विचारलं की ती विणते आहे तो स्वेटर कोणासाठी आहे.

“बाया परवाच्या दिवशी येनार हायेत,” ती म्हणाली. “सुया अन् लोकर घेऊन. शेगडीबिगडी काई नाई. मी बलावलं त्यायले.”