डाव्या हाताची तपकीर

हाझ्विनेई जन्माला आला तोच रागावलेला असणार, याबद्दल आमच्या दांडे खोऱ्यात दुमत नाही. त्याच्या नावाचा अर्थ 'काही बिघडत नाही' असा आहे. पण त्याच्या लेखी सगळंच बिघडलेलं असायचं. मक्याच्या पिठाचा साडझा सैल झालाय, बिअर आंबलीय, नदीला पाणी कमी आहे आणि माणसं तर काय, विचारूच नका. शिकारीच्या तळावर मी स्वयंपाकी, त्यामुळे साडझ्याबद्दलचं त्याचं मत मला रोज दोन्ही वेळ ऐकावं लागे. तरी तो ताट चाटूनपुसून खायचा, म्हणून मी ते मनावर घेत नसे.

त्याचं काम होतं तिसरी रायफल धरण्याचं. परदेशी पाहुणा गोळी झाडणार, त्याचं चुकलं तर शिकार चालवणारे कोल्टर साहेब सावरणार, आणि दोघांच्या हातून सुटून जे अंगावर येईल ते हाझ्विनेईच्या वाट्याला. अख्खे हंगाम एकही गोळी न झाडता जायचे. पुढे माग काढत चालणारा चिमुसोरो म्हणायचा, "आमचे जावईबापू बंदुकीला पाय मोकळे करायला नेतात."

चिमुसोरो हा हाझ्विनेईच्या बायकोचा थोरला भाऊ, म्हणजे आमच्या रीतीनं सासराच. आमच्याकडे जावयाचे लाड नसतात. बायकोच्या माहेरचं माणूस दिसलं की जावयानं खाली बसायचं, टाळ्या वाजवून नमस्कार करायचा, आणि ते जे देतील ते दोन्ही हातांनी घ्यायचं. एका हातानं घेणं म्हणजे अपमान. त्यातही डावा हात पुढे केला तर तोंडावर थुंकलेलं परवडलं.

आणि हाझ्विनेई रानात सगळं डाव्या हातानं घ्यायचा. पाणी, बिस्किट, तपकीर, सगळं. उजवा हात रायफलच्या मुठीवरून हलायचाच नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "रेडा झुडपातून निघतो तो पोचायलाच निघतो. त्याला विचार करायचा नसतो. तू हात मोकळे करून बंदूक शोधायला लागशील, तोवर तुझा साडझा झालेला असेल." मग सवयीनं पुढे म्हणाला, "सैल."

चिमुसोरोला हे पटत नव्हतं. तो थेट गावप्रमुखाकडे गेला. पंचायतीत त्याचं म्हणणं एवढंच होतं, की मी रानात गेलो म्हणून सासरा असायचा थांबत नाही. गावप्रमुखानं दोघांना भरपूर बोलू दिलं आणि निकाल दिला: यापुढे एकदा जरी जावयानं डावा हात पुढे केला, तर चिमुसोरोनं बहिणीला खुशाल माहेरी न्यावं. हाझ्विनेईची बायको न्दाइझिवेई बायकांच्यात बसून शेंगा सोलत होती. तिला कुणी विचारलं नाही. हाझ्विनेई मात्र त्या दिवशी कशालाच नावं न ठेवता घरी गेला, आणि मला त्याची पहिल्यांदा काळजी वाटली. तोंडानं काही म्हणो, बायकोविना तो आठवडाभर टिकला नसता.

पुढच्याच शिकारीत पाहुण्यानं रानरेड्याच्या पोटात गोळी घातली. रेडा दाट काटेरानात शिरला. जखमी रेडा पळत नाही. वळसा घालून स्वतःच्याच मागाशेजारी येऊन उभा राहतो आणि वाट बघतो. पाणी वाहणारा नेमका तापानं पडलेला, म्हणून पखाल माझ्या पाठीवर. जगात स्वयंपाक्याला जाण्यासारख्या अनेक जागा आहेत. ही त्यातली नव्हे.

मध्येच पाहुण्याचा सदरा काट्यांत अडकला. कोल्टर साहेब मागे वळून तो सोडवायला लागले. सगळे थांबले. चिमुसोरोनं रक्त लागलेलं पान हातातून टाकलं, कमरेची तपकिरीची डबी काढली, झाकण उघडलं आणि हाझ्विनेईसमोर धरली. तलफ बिलफ काही नव्हती. माझ्यासारखा साक्षीदार हजर होता, म्हणून धरली.

"घे की, जावई," तो कुजबुजला.

हाझ्विनेईनं त्याच्याकडे पाहिलं. मग झुडपाकडे. दोन्ही हात पुढे करायचे तर रायफल खांद्याला अडकवावी लागणार, आणि न घेणं हाही अपमानच. त्याचा उजवा खांदा जरासा हलला. मला वाटलं, आता तो रायफल खांद्याला अडकवतोय. न्दाइझिवेईसाठी त्यानं तेही केलं असतं.

मग त्यानं डावा हात पुढे केला.

डबी त्याच्या बोटांत आली आणि चिमुसोरोच्या पाठीमागचं झुडूप फुटलं. मला नाक दिसलं, वर उचललेलं, आणि मग शिंगं. हाझ्विनेईनं डबी सोडली, डाव्या हातानं नळीला आधार दिला आणि मेहुण्याच्या कानाजवळून गोळी झाडली. रेडा गुडघ्यांवर आला, घसरला, आणि चिमुसोरोला लोळवून त्याच्या टाचांशी थांबला. कोल्टर साहेबांची रायफल तेव्हा कुठे वर येत होती. मी काय केलं विचाराल, तर मी पखाल घट्ट धरून ठेवली. पाणी सांडलं नाही.

हवेत तपकीर उडालेली. साहेब शिंकले, पाहुणा शिंकला, मी शिंकलो. चिमुसोरो धूळ झाडत उठला. एक कान हातानं दाबून धरलेला. रेड्याकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"डाव्या हातानं घेतलीस," तो म्हणाला.

"घेतली," हाझ्विनेई म्हणाला. "तुम्ही जिवंत आहात याबद्दल मला वाईट वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमुसोरो खरोखरच बहिणीला न्यायला हजर. मी रेड्याच्या मांसाचा वाटा द्यायला तिथं गेलो होतो. हाझ्विनेई रीतीप्रमाणे दारात खाली बसला, टाळ्या वाजवल्या, आणि जमिनीकडे बघत राहिला.

न्दाइझिवेईनं गाठोडं बांधलेलंच होतं. ते उचलून ती म्हणाली, "चल, दादा. फक्त वाटेत कुणी विचारलं, तू अजून जिवंत कसा, तर सांगायचं काय, ते आताच ठरवून दे."

वाटेत खरं सांगितलं असतं तर चिमुसोरोला जावयाचे आभार मानावे लागले असते, तेही टाळ्या वाजवून. शेवटी माझ्याकडचा मांसाचा वाटा, जो त्याचा नव्हता, तो उचलून तो एकटाच घरी गेला.

आभार त्यानं आजतागायत मानलेले नाहीत. पण आमच्याकडे शेजाऱ्याला तोंडावर बोलता येत नाही ते कुत्र्याच्या नावातून बोलतात. हाझ्विनेईच्या कुत्र्याचं नाव आधीपासून मुचानेता, म्हणजे 'तुम्हीच दमाल'. महिन्याभरात चिमुसोरोनं एक पिल्लू आणलं आणि त्याचं नाव ठेवलं रुबोश्वे, डावा हात. रोज संध्याकाळी जावयाच्या कुंपणापाशी येऊन तो पिल्लाला घसा फोडून हाक मारतो. एक कान गेल्यापासून तर फारच मोठ्यानं.

पिल्लू कुंपणाखालून आत येतं. हाझ्विनेई शिव्या देत उठतो, हाड शोधतो, आणि चिमुसोरो बघतोय याची खात्री करून ते दोन्ही हातांनी पिल्लापुढे धरतो.