वरच्या खोलीतला इग्वाना

मला पालीची भीती लहानपणापासूनची. भिंतीवर पाल दिसली की मी ताट उचलून अंगणात जेवायला जाते. त्यामुळे वरच्या खोलीत दिवाणामागे काचेच्या पेटीत ते जनावर दिसलं, तेव्हा मी किंचाळून दार ओढून घेतलं. जिन्यात आल्यावर लक्षात आलं, ते हललंच नव्हतं. नुसता एक डोळा उघडला होता.

मालेगावात आमचं घर आणि गावाबाहेर भाजीचा मळा. ती खोली एका नोकरदार तरुणाला भाड्याने दिली होती. बदली झाली तसा तो घाईत गेला, सामान नंतर नेतो म्हणाला. बारा दिवसांनी वास यायला लागला म्हणून मी कुलूप उघडलं होतं. त्याला फोन लावला.

"काकू, इग्वाना जिवंत आहे अजून?" तो म्हणाला. आणि पुढे, "मळ्यात सोडून द्या ना."

संध्याकाळी आमच्या ह्यांनी उकिडवं बसून पाहिलं. कधीकाळी हिरवा असेल. आता राखेच्या रंगाचा, शेपटीसकट दीड हात लांब. खालचा जबडा एका बाजूला लोंबलेला. वाडगं कोरडं आणि त्यात काकडीच्या वाळक्या चकत्या.

"सरडच तं आहे. देऊ सोडून," हे म्हणाले.

"उठता येत नाई त्याले. हे सोडणं नाई, फेकणं झालं."

"मंग हात कोन लावन? तू?"

"लावीन," मी म्हणाले. कसा, ते मलाही माहीत नव्हतं.

सकाळी ह्यांनी त्याला उचलून भाजीच्या क्रेटमध्ये ठेवलं. मोटारसायकलवर मागे बसून मी क्रेट मांडीवर धरलं, तोंड मात्र दुसरीकडे. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशींचे. "असा मी पुस्तकातच पाहिला," ते म्हणाले, पण आम्हाला परत पाठवलं नाही. असली जनावरं तपासणाऱ्या नागपूरच्या एका डॉक्टरबाईंना त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. बाईंनी सगळं पाहून सांगितलं : ऊन नाही, कॅल्शियम नाही, म्हणून हाडं मऊ पडली आहेत. रोज उन्हात ठेवायचा, पण काचेमागून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. कोमट पाण्यात बसवायचा. औषधाचे थेंब द्यायचे, जबड्यावर जोर लावायचा नाही. बाहेर सोडायचा तर मुळीच नाही. परक्या देशातली जात आहे.

"शेवग्याचा पाला मिळेल?" बाईंनी विचारलं.

"बांधावर शेवगाच शेवगा आहे, बाई," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हे बाजारात गेले आणि औषधाची वेळ झाली. घरात मी एकटीच. हाताला पदर गुंडाळला, दोनदा पुढे केला, दोनदा मागे घेतला. मग स्वतःवरच चिडून पदर सोडला आणि उघड्या हाताने त्याला उचललं. अंग थंड होतं आणि वाटलं होतं त्यापेक्षा फार हलकं. ओठाच्या कडेला थेंब सोडला. बराच वेळ काही नाही. मग गळ्याखालची कातडी हलली. त्याने गिळलं होतं.

त्या दिवसापासून माझं वेळापत्रक ठरलं. सकाळी घमेल्यात कोमट पाणी, मग अंगणात ऊन. क्रेटवर अर्धं पोतं टाकायचं, म्हणजे ऊन जास्त झालं तर त्याला सावलीत सरकता यावं. मांजर येऊ नये म्हणून मी शेजारीच बसून मेथीच्या जुड्या बांधायची. शेवगा वाटून, पातळ करून, सुई नसलेल्या सिरिंजने द्यायची. निम्मं बाहेर यायचं. पुन्हा द्यायची.

सहाव्या दिवशी त्याचे पाय थरथरायला लागले. बोटं आखडली. हे हळूच म्हणाले, "काहून जीव घेऊन राह्यली त्याचा? जाऊ दे आता."

"जायचं असन तं तो जाईन. मी नाई पाठवत," मी म्हणाले आणि डॉक्टरांना फोन केला. जऊळका गावाकडे एका गाईला पाहायला निघालेले डॉक्टर वाटेत थांबले, बाईंना विचारून बारीक सुईचं इंजेक्शन दिलं, औषधाचं माप बदललं. तीन दिवस मी बाजाराला गेले नाही.

थरथर थांबली. त्यानंतर आठवडाभराने मी जास्वंदीचं फूल त्याच्यापुढे धरून बसले होते, रोज धरायची तसंच. त्याने मान उचलली, जीभ लावली आणि वाकड्या जबड्याने एक पाकळी तोडली. मी ह्यांना इतक्या जोरात हाक मारली की ते पाण्याची मोटार बंद न करताच धावत आले. पाकळी संपेपर्यंत दोघंही तिथेच बसलो.

अडीच महिन्यांनी तो तरुण सामान न्यायला आला. तोवर ह्यांनी टोमॅटोच्या बांबूंचा आणि जाळीचा मोठा पिंजरा केला होता. इग्वाना आडव्या काठीवर बसला होता, हिरवा. जबडा वाकडाच राहिला, मागचा एक पाय ओढतो, पण चढतो.

तरुण पिंजऱ्यापाशी गेला. मग म्हणाला, "पुण्यात माझा एक मित्र सांभाळायला तयार आहे, काकू. नेऊ का?"

"नाई."

"माझ्या त्या खोलीत ऊनच येत नव्हतं..."

"बाहेर काढाले दार तं होतं ना," मी म्हणाले.

परदेशी प्राणी पाळायचा तर वनखात्याकडे नोंद करावी लागते, तो अर्ज डॉक्टरांनी आधीच माझ्या नावाने भरून ठेवला होता. त्यासाठी आधीचा मालक म्हणून त्या तरुणाचं संमतीपत्र हवं होतं. मी कागद आणि पेन पुढे केलं. त्याने सही केली, दिवाण टेम्पोत चढवला आणि जाताना पिंजऱ्याशी थांबून विचारलं, "काय खातो आता?"

मी त्याला सगळं सविस्तर सांगितलं.