खिंडीच्या अलीकडचे गाव

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात माझा थोरला भाऊ सोलापूरहून रेल्वेने उत्तरेला गेला. हिमाचलातल्या एका उंच खोऱ्यातली पाच गावे पायी ओलांडायची, शेवटच्या गावावरची खिंड चढायची आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरायचे, असे ठरले होते. पाचव्या गावातून तो परत फिरला. बेत दोघांचा होता, त्याचा आणि माझा. गेला तो एकटा.

बेताची सुरुवात त्याच्या आधीच्या वर्षी झाली. दादा टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि वहिनीला घेऊन एका सहलीबरोबर हिमाचल पाहून आला. सगळा प्रवास गाडीतून. एका वळणावर दरड आली म्हणून गाडी बराच वेळ थांबली. समोरच्या डोंगरावर एक पायवाट होती आणि तिच्यावरून गवताचे भारे घेतलेल्या बायका एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे चालल्या होत्या. परत आल्यावर दादाने बर्फाचे फोटो कोणाला फारसे दाखवले नाहीत. त्या पायवाटेचा तेवढा दाखवायचा. फोटोत बायका ठिपक्यांएवढ्या दिसतात. त्या कोणत्या, हे तो बोटाने दाखवायचा.

गाडीच्या चालकाने त्याला एका वाटाड्याचा नंबर दिला होता. हा वाटाड्या त्या खोऱ्यातल्या पहिल्या गावात राहतो. त्याचे नातेवाईक वरच्या गावांमध्ये आहेत आणि मुक्काम त्यांच्या घरांत होतात. दादाने त्याला फोन करायला सुरुवात केली. महिनाभरात दोघांचे बोलणे आठवड्यातून दोनदा होऊ लागले.

वहिनी वैरागची. नवरा एकटा डोंगरात जाणार हे तिला मान्य नव्हते. तिने अट घातली.

"वन्सं बरोबर येत असतील तर जावा. न्हायतर हितंच बसा."

वन्सं म्हणजे मी. मी एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षे काम केले आहे. आलेली बातमी खरी की खोटी हे तपासणे हे माझे काम होते, आणि वहिनीच्या मते नवऱ्याबरोबर पाठवायला एवढी पात्रता पुरेशी होती. मी हो म्हटले. मलाही जायचे होते.

सराव मार्चमध्ये सुरू झाला. सोलापूर सपाट आहे. चढ म्हणून रेल्वेचा पादचारी पूल होता आणि दादाच्या इमारतीचा जिना होता. पाठीवरच्या सॅकमध्ये ज्वारी भरून आम्ही ऊन चढायच्या आत जिन्याच्या फेऱ्या मारायचो. इमारतीचा वॉचमन खुर्चीतून बघत असे.

"दादा, लिफ्ट चालू हाय की."

"म्हाईत हाय."

"मग ज्वारी तरी लिफ्टनं पाठवा. तिनं काय केलंय?"

मे महिन्यात उन्हाने माणसे दुपारी घराबाहेर पडेनाशी झाली, तेव्हाही दादाने फेऱ्या थांबवल्या नाहीत. या उन्हात तगलेल्या माणसाला डोंगर काही करू शकत नाही, असे त्याचे मत झाले होते. ते तो गंभीरपणे सांगायचा.

जुन्या कॅलेंडरच्या एका पानाच्या मागे त्याने मार्ग काढला होता आणि ते पान हॉलमध्ये टीव्हीशेजारी चिकटवले होते. वर आम्हा दोघांची नावे, खाली पाच गावे, मध्ये रेघा, रेघांवर किलोमीटर. आकडे लहान होते. सोलापूरजवळच्या कुंभारीपर्यंत आपण नाश्त्याच्या आत चालत जातो, तर यातली दोन गावे एका दिवसात का होऊ नयेत, असा त्याचा हिशेब होता. वाटाड्याला तो पटत नव्हता. फोन स्पीकरवर असे, त्यामुळे मला ऐकू यायचे.

"भाईसाब, किलोमीटर मत बोलो. रात को सोना कितनी ऊंचाई पर है, वो बोलो."

फोन ठेवल्यावर दादा म्हणाला, "त्याला अंतर कळत नाही."

"त्याला उंची कळते," मी म्हटले.

"ती काय, चढली की कळतेच."

शेवटी वाटाड्याने प्रत्येक गावात एक रात्र आणि चौथ्या गावात दोन, असे सांगितले आणि दादाने कुरकुरत पानावर दुरुस्ती केली.

जूनमधल्या एका सकाळी वाटाड्याने विचारले, "पिछली बार ऊपर आए थे, तबियत कैसी थी?"

"एकदम फर्स्ट क्लास," दादा म्हणाला.

फोन संपला. वहिनी शेंगदाणे भाजत होती. चटणी करायची होती. तिने आतूनच म्हटले, "फर्स्ट क्लास कसली? पित्त खवळलं हुतं की."

"ते वेगळं," दादा म्हणाला आणि सॅक घेऊन जिन्याकडे गेला.

मी स्वयंपाकघरात गेले आणि काय झाले होते ते विचारले. वहिनीने सांगितले ते असे. सहलीच्या गाडीने त्यांना एका फार उंचावरच्या तळ्याकाठी मुक्कामाला नेले होते. संध्याकाळी दादाचे डोके दुखायला लागले. तो जेवला नाही.

"आदल्या दिवशी राजमा खाल्ला हुता लई. तोच बाधला."

"मग?"

"मग सकाळी उठले तर स्वेटरची बटनं लावता येईनात. एक बटन धरून नुसतं बसलेले. मी लावली. म्हनलं, लहान पोर झालासा का? तर हसले बी न्हाईत."

"नंतर?"

"उलटी झाली. पित्त पडलं. गाडी खाली आली, दुपारी चांगलं जेवले की."

"बरं कशानं वाटलं?"

वहिनीने माझ्याकडे पाहिले. "आता हे काय इचारनं, वन्सं? पित्त पडलं की मोकळं वाटतंच की."

आमच्या घरात डोके दुखले, मळमळले, अंधारी आली की त्याला पित्त म्हणतात. त्यावर आमसुलाचे सार आहे, सुंठ-साखर आहे, मोरावळा आहे. उलटी झाली की घरातली माणसे निश्चिंत होतात. पडलं एकदाचं, म्हणतात. मग जेवायला वाढतात. दादा कारखान्यातून दुपारी घरी आला आणि न जेवता पडून राहिला, तर त्याला कोणी काही विचारत नसे. वडिलांनाही पित्ताचाच त्रास होता. आपल्याकडे सगळ्यांनाच असतो, असे वहिनी म्हणते आणि तिच्या माहेरी-सासरी ते बहुतेक खरे आहे.

एका माणसाने सांगितलेली गोष्ट दुसरीकडून तपासायची ही डेस्कची पद्धत आहे. मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले आणि वहिनीचे शब्द जसेच्या तसे सांगितले. बटणांपाशी त्यांनी मला थांबवले.

"परत सांगा. बटण हातात होतं आणि लावता येत नव्हतं?"

"हो."

"पित्तानं पोट बिघडतं. बटण लावायचं कसं हे माणूस विसरत नाही."

उंचावर हवा विरळ असते, तिथे भराभर चढलेल्या माणसाच्या मेंदूला सूज येऊ शकते आणि त्याची सुरुवात डोकेदुखीने आणि उलटीने होते, असे त्यांनी सांगितले. उलटी झाली म्हणून दादाला बरे वाटले नव्हते. गाडी खाली आली म्हणून वाटले होते. मी पुण्यातल्या दुसऱ्या एका डॉक्टरांना फोन करून विचारले. ते स्वतः डोंगरांत जातात. त्यांनी तेच सांगितले. ज्याला एकदा असे झाले त्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. जाऊच नका, असे दोघांपैकी कोणी म्हणाले नाही. हळू चढा, गोळ्या घ्या, डोके दुखले की तिथेच थांबा, थांबूनही उतार पडला नाही तर खाली या, असे म्हणाले. पुण्याच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या अवस्थेतल्या माणसाला स्वतःला ते कळत नाही. शेजारच्याला कळावे लागते.

शेजारी मी असणार होते. जुलैमध्ये जिना उतरताना माझा गुडघा सुजला. दोन आठवड्यांनी तो पुन्हा सुजला आणि हाडांच्या डॉक्टरांनी मला डोंगर बंद केला.

दादाने पानावरचे माझे नाव खोडले नाही. फेऱ्या मात्र एकट्याने चालू ठेवल्या.

वहिनी माझ्या घरी आली. पाणीसुद्धा घेतले नाही.

"तुमी न्हाय तर त्यांना सोडू का नको?"

"मी काय सांगणार, वहिनी?"

"तुमी जे सांगाल ते. नको म्हनलात तर मी दारात आडवी पडते. त्यांचं माझ्यावर काय चालत न्हाय. पर ते वरीसभर त्या कागदाकडं बघत बसतेत, तेबी बघवंना."

मी तिला डॉक्टरांनी सांगितलेले सगळे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हंजे त्या येळी मी बटनं लावून दिली आन् हसत बसले."

त्याच संध्याकाळी तिच्यासमोर मी दादालाही सांगितले. तो टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत होता.

"झालं?" त्याने विचारले.

"झालं."

"दोन डॉक्टरांना विचारलंस. वहिनीला विचारलंस. ज्याची बातमी आहे त्याला विचारलंस का?"

"आता विचारते. त्या दिवशी काय झालं होतं?"

"पित्त झालं होतं."

"बटणं?"

"थंडीनं बोटं आखडली होती. तू मला आजारी ठरवून मोकळी झालीस, पत्रकार बाई. जन्मात एक गोष्ट मी माझ्यासाठी मागतोय."

यावर वहिनी म्हणाली, "मागू नका, जावा. पर गोळ्या घ्या आन् पाचव्या गावातबी दोन रात्री ऱ्हावा. ह्यात बदल न्हाय." ती माझ्याकडे बघत होती. मी नको म्हणाले नाही.

दादाने पाचव्या गावापुढे पेन्सिलने दोनचा आकडा घातला. सामान भरायला घेतले तेव्हा वहिनीने कडक भाकऱ्या केल्या, चटणी बांधली. त्याच पिशवीत तिने आमसुले आणि सुंठीची पूड ठेवली. ती मी पाहिली. वहिनीनेही मला पाहताना पाहिले.

"राहू दे," मी म्हटले. "काढली तरी तो दुकानातून घेईल."

दादा निघाला त्या दुपारी मी वाटाड्याला फोन केला. तळ्याकाठची हकिकत सांगितली. तो मध्येच म्हणाला, "मुझे तो बोले, फर्स्ट क्लास थे."

मी त्याला सांगितले, की डोके दुखते असे हा माणूस म्हणणार नाही. पित्त झाले आहे म्हणेल. काही तरी आंबट मागेल किंवा पिशवीतून पूड काढून खाईल. उलटी झाली तर खूश होईल आणि आता ठीक आहे, वर चला, म्हणेल. तसे म्हणाला की त्याला खाली न्या.

"पित्त," वाटाड्या म्हणाला. त्याने तो शब्द दोनदा म्हणून घेतला. "और वो मना करें तो?"

"करेलच. तरी न्या."

पहिल्या तीन गावांहून दादाचे फोन आले. आवाज चांगला होता. घरे मातीची आहेत, छतावर जर्दाळू वाळत घातले आहेत, वाटाड्याच्या मावशीने त्याची चटणी चाखली आणि डोळे पुसत पुन्हा मागितली. भाकरी चहात बुडवून सगळ्यांनी खाल्ली. गवताच्या भाऱ्यांची वाट त्याला सापडली होती आणि तो तिच्यावरून चालला होता. वहिनीने विचारले, गोळी घेतली का. तो म्हणाला, घेतली. चौथ्या गावात दुसऱ्या रात्री त्याने थोडक्यात बोलून फोन ठेवला.

पाचव्या गावात फोनला रेंज नसते, हे आधीच माहीत होते. त्या दिवसांत वहिनी माझ्याकडेच येऊन बसायची. भाजी निवडायला घेऊन यायची आणि निवडलेलीच पुन्हा निवडायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाटाड्याचा फोन आला. तो चौथ्या गावातून बोलत होता.

"दीदी, कल शाम को खाना नहीं खाया. सुबह उल्टी हुई. बोले, पित्त गिर गया, अब ऊपर चलो. जूते का फीता नहीं बांध पा रहे थे. मैं नीचे ले आया."

"आता कसा आहे?"

"लेटे हैं. गुस्सा हैं. चाय पी है."

तिथून त्याला आणखी खाली, गाडीच्या रस्त्यापर्यंत आणले. तिथल्या सरकारी दवाखान्यात दोन दिवस ठेवले. तिथल्या डॉक्टरांनी आपल्या डॉक्टरांसारखेच सांगितले. दादा घरी आला तेव्हा बारीक झाला होता आणि चेहरा उन्हाने काळवंडला होता. शेजारी भेटायला आले. त्यांना त्याने सांगितले की खिंड समोर दिसत होती, पण पित्ताने घात केला.

मी वाटाड्याला केलेला फोन त्याला वाटेतच कळला होता. आल्यावर तो त्याबद्दल माझ्याशी एकदाच बोलला.

"मी तिथं पोचायच्या आधीच तू बातमी लावून ठेवली होतीस."

वहिनी तिथेच होती. ती म्हणाली, "बातमी खरी निघाली की."

कॅलेंडरचे पान अजून भिंतीवर आहे. या मार्चमध्ये दादाने सॅकमध्ये पुन्हा ज्वारी भरली. वॉचमनने सांगितले तेव्हा मला ते कळले. गेल्या आठवड्यात त्याने वाटाड्याला फोन करून येत्या भाद्रपदात येतो म्हणून सांगितले. वाटाड्याने अजून हो म्हटलेले नाही. त्याने मला फोन करून विचारले आहे.