स्लॉथ पाळू नका

परदेशातल्या जंगलात झाडाला लटकून राहणाऱ्या स्लॉथ नावाच्या प्राण्याला कडेवर घेऊन मिरवणारी माणसं मोबाईलवर बघून माझं डोकं फिरलं. जंगलातलं जनावर घरात कोंडायचं आणि वर त्याला प्रेम म्हणायचं! मी ‘पाळू नका’ अशी पत्रकं छापली आणि धाराशिवच्या बसस्टँडवर एकटाच वाटत उभा राहिलो. दुपारपर्यंत एकानंही घेतलं नाही. मग काठी टेकत एक आजोबा आले. त्यांनी पत्रकावरचा फोटो निरखला.

“हे पळतं का रं?”

“न्हाय आजोबा, लई हळू चालतं.”

“मग एक बघ मला. घरी कुणी न्हाय. कुत्र्यामागं आता पळणं हुईना.”

मी पत्रकावरच्या ‘पाळू नका’वर बोट ठेवलं, पण आजोबा माझ्याकडंच बघत होते.

“तुझ्या घरी कोण हाय?”

“खोलीवर एकटाच असतो.”

“मग दोन बघ,” म्हणत त्यांनी पत्रक घडी करून खिशात घातलं. दिवसभरात गेलेलं ते एकच.