धारूरच्या घाटात बंद काचांच्या आत

असले किस्से कुणी सांगायला लागलं की मी उठून जायचो. आता मीच लिहितोय, तेव्हा हसलात तरी चालेल.

आमचा छोटा ऑर्केस्ट्रा. मी कीबोर्डवर, विष्णू ढोलकीवर, गाणाऱ्या नंदाताई, आणि ऑक्टोपॅड वाजवून गाडीही चालवणारा गफ्फारभाई. गेल्या हिवाळ्यात धारूरचा कार्यक्रम उरकून वडवणीला हळदीच्या कार्यक्रमाला निघालो होतो. भर दुपार. रस्त्याच्या कामाची धूळ, म्हणून काचा वर केलेल्या.

घाटात एका वळणावर खाली हिरवी ज्वारी, मध्येच करडईचे पिवळे पट्टे... नंदाताई म्हणाल्या, "गफ्फारभाई, थांबवा की जरा. फोटो काढते."

गाडी थांबली. दार उघडेना.

चारही दारं तशीच. काचेचं हँडल नुसतं गरगर फिरत होतं. गफ्फारभाईनं चावी फिरवली — इंजिन गप्प. आधी आम्ही हसलो. मग नंदाताईंना धाप लागली. त्यांना दमा आहे, आणि पंप बॅगेत, बॅग वर कॅरिअरला बांधलेली!

विष्णूनं जॅकचा रॉड काचेवर हाणला. पुन्हा हाणला. साधा ओरखडासुद्धा नाही. नंदाताईंचे ओठ काळेनिळे पडायला लागले. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

तेवढ्यात मेंढरं आली. गाडीभोवती नुसती मेंढरंच मेंढरं, गळ्यात घंट्या... पण आवाज नाही. मागून म्हातारा मेंढपाळ. आम्ही काचा बडवल्या, घसा फुटेस्तोवर ओरडलो. तो गफ्फारभाईच्या खिडकीशी वाकला, आत पाहिलं, तोंड हलवलं... आणि निघून गेला.

"अरे बाबा, जाऊ नको!" विष्णू दाराला टेकून रडायला लागला.

मेंढरं वळणाआड गेली आणि दार आपोआप उघडून विष्णू थेट रस्त्यावर पडला. त्याच क्षणी लांबून घंट्या ऐकू आल्या. मी कॅरिअरवर चढून पंप काढला. नंदाताईंचा श्वास हळूहळू जागेवर आला.

गफ्फारभाई मात्र रागानं म्हाताऱ्यामागे धावला. मीही गेलो.

"बाई मरत होती आत! दिसलं न्हाई का तुमाला?"

म्हातारा गोंधळला. "कोन बाई? गाडी रिकामी व्हती की. समद्या काचा खाली. कुनी हाय का म्हनून लई हाका मारल्या म्या. मंग खिडकीतून हात घालून हारन बी वाजवला."

म्हातारा खिडकीशी वाकला तेव्हा गफ्फारभाई त्याच स्टिअरिंगवर, हॉर्नवर छाती टेकून बसला होता.

मेकॅनिकला गाडीत काही दोष सापडला नाही. आम्ही आत होतो, एवढं मी शपथेवर सांगतो... पण कशाच्या आत, ते आजही कळलेलं नाही.