राजाची बाजू

प्लास्टिकचा कचरा खाली ठेवून मी टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरत होते, तेवढ्यात अनघाच्या नवऱ्याचा, श्रीरंगचा फोन आला. "अनघा गेली." मी विचारलं, "कुठे?"... पाच आठवडे झाले, माझा तो वेडा प्रश्न कानातून जात नाही. पंचेचाळिशीची धडधाकट मैत्रीण सकाळी ग्योतोकु स्टेशनचा जिना चढताना कोसळते आणि संपते, हे अजून मनाला पटतच नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून आलेली अनघा इथल्या विद्यापीठात मध्ययुगीन युरोपातल्या चर्चवर प्रबंध लिहीत होती. बिशप कोणी नेमायचा, राजाने की पोपने, हा तिचा विषय. मी चिडवायचे, "टोकियोत बसून पोपची वकिली करतेस!" ती म्हणायची, "अगं, जमीन राजाने दिली म्हणून देवाचा माणूसही राजाचा का? भांडण एवढंच आहे."

मग ते भांडण तिच्याच घरी आलं. आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीला हॉल श्रीरंगची कंपनी द्यायची. दरवर्षी पूजा सांगणाऱ्या केळकरांचं तिथल्या साहेबांशी बिनसलं होतं. बैठकीत साहेब म्हणाले, "हॉल आमचा आहे. पूजा कोणी सांगायची ते आम्हीच ठरवू." श्रीरंग त्यांच्याच हाताखाली, मान खाली घालून बसलेला. अनघा उभी राहिली. "हॉल तुमचा, साहेब. गणपती तुमच्या नोकरीत नाही."

त्या वर्षी गणपती तिच्या दोन खोल्यांत बसला. पूजा केळकरांनीच सांगितली, दर्शनाची रांग जिन्यापर्यंत गेली. श्रीरंगला मात्र पुढच्याच महिन्यात मोठ्या प्रोजेक्टवरून काढलं. "उठण्याआधी मला एकदा विचारायचंस तरी," तो तिला म्हणाला, आणि कित्येक दिवस घरात अबोला होता. पुढे बोलणं सुरू झालं, पण तो विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. "प्रबंधात जिंकतेय, घरात हरले गं," ती मला म्हणाली होती.

परवा रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेले. श्रीरंग जेवणाच्या टेबलाशी तिचा अपुरा प्रबंध वाचत बसला होता, आयुष्यात पहिल्यांदा. त्याने एक पान माझ्यापुढे सरकवलं. समासात पेन्सिलीने तिच्या अक्षरात लिहिलं होतं : 'राजाची बाजू लंगडी झालीय. त्यालाही घर सांभाळायचं होतं. श्रीरंगला विचारायचं.'

"विचारलं नाही गं तिने..." तो म्हणाला.

मग त्याने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि तिच्या ओळीखाली, बारीक अक्षरात, लिहायला लागला.