एक नंबर हॉट प्लग

चौथा प्लग काढून मी फडक्यावर ठेवला, तेव्हा अप्पा जोगळेकर प्लॅस्टिकच्या खुर्चीतून म्हणाले, "इक्बाल, नंबर वाच."

नंबर कुठला वाचणार? चारही प्लगांवरची अक्षरं उडाली होती. एकाची चिनी माती तडकली होती, म्हणून गाडी तीन सिलिंडरवर आचके देत होती. बाकीचे काळे आणि तेलकट.

गाडी म्हणजे अप्पांची पद्मिनी. सदाशिव पेठेत त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. त्यांनी ती नवी घेतली आणि गेली तीस वर्षं तिचं सगळं काम माझ्याकडे. अप्पांना लिव्हरचा कॅन्सर होता. हॉस्पिटलने घरी पाठवलं होतं. त्यांना एकदाच काकूंना घेऊन तिच्यातून खडकवासल्याला जाऊन यायचं होतं. गाडी मी चालवायची, ते दोघं मागे बसणार.

मला निरोप द्यायला काकू गेटपर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "जरा लवकर बघाल का? यांचं आता काही सांगता येत नाही."

"दोन दिवसांत करतो काकू," मी म्हणालो. हे मी म्हणालो होतो, ते लक्षात ठेवा.

स्पार्क प्लग दिसतो बोटाएवढा, पण तो तीन बाबतींत जुळावा लागतो. एक, जाडी. दोन, आट्यांची लांबी. लांब प्लग लावला तर तो आत पिस्टनला धडकतो आणि इंजिनाची वाट लागते. तिसरी गोष्ट हीट रेंज, म्हणजे प्लगचं टोक किती तापून राहतं ते. जास्त तापतो तो हॉट प्लग. टोकावर बसलेलं तेल, काजळी तो जाळून टाकतो. पटकन थंड होतो तो कोल्ड.

अप्पांनी कपाटातून गाडीचं मूळ पुस्तक काढून दिलं होतं. त्याला ब्राउन पेपरचं कव्हर, वर नाव आणि पत्ता. त्यात नंबर मिळाला. तो घेऊन मी नाना पेठेत पारसशेठच्या दुकानी गेलो. शेठ स्पेअर पार्ट विकण्यात म्हातारा झालेला माणूस, अप्पांच्याही जुन्या ओळखीचा.

"हा नंबर बंद झाला," शेठ म्हणाले. "हा घेऊन जा. जाडी तीच, लांबी तीच. एक नंबर जास्त हॉट आहे फक्त."

"पुस्तकात हा नाही."

"पुस्तक गाडी नवी होती तेव्हाचं आहे, इक्बालभाई. तुमची गाडी तेल पिते ना? मग तिला हॉटच बरा."

"मी चुकीचा पार्ट लावत नाही, शेठ."

"मग बसा वाट बघत," असं म्हणून त्यांनी डबी परत फळीवर ठेवली.

मला राग आला. तीस वर्षांत कुणाच्या गाडीला 'चालतंय की' म्हणून काही लावलं नव्हतं. पेठांमध्ये माझं नाव त्यावरच होतं आणि मला त्याचा माज होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. कोइम्बतूरच्या एका जुन्या डीलरकडे तो नंबर शिल्लक निघाला. कुरियरने मागवला.

अप्पांना फोन केला. "अप्पा, बरोबर प्लग मिळाला. पण आठवडा लागेल."

अप्पा म्हणाले, "बरं. तू म्हणतोस तर थांबू."

पार्सल नवव्या दिवशी आलं. अप्पा आठव्या दिवशी पहाटे गेले.

अप्पांच्या दहाव्यानंतर मी गेलो. काय तोंडाने गेलो ते मलाच माहीत. प्लग बसवले, सेल्फ मारला, गाडी एका झटक्यात चालू झाली. चारही सिलिंडर. काकू जिन्यात उभ्या होत्या. त्या खाली येऊन मागच्या सीटवर बसल्या, दोन मिनिटं. मी पुढे स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. मागे वळायची हिंमत झाली नाही.

"काकू, माझं चुकलं. दुसरे प्लग त्याच दिवशी मिळत होते."

"माहीत आहे. पारसशेठ यांना बघायला आले होते," त्या म्हणाल्या. "यांनाही सांगितलं होतं त्यांनी. मी म्हटलं, इक्बालला सांगू का तेच लाव म्हणून? तर हे म्हणाले, नको, त्याला वाईट वाटेल."

मी इंजिन बंद केलं. मला रडू आवरलं नाही आणि काकूंनीही आवर म्हटलं नाही.

महिन्याभरात ते पुस्तकातले प्लग तेलाने काळे पडले आणि गाडी पुन्हा आचके द्यायला लागली. शेठचं म्हणणं खरं होतं. तेल पिणाऱ्या इंजिनाला हॉट प्लगच लागतो, हे मी चारही प्लग हातात धरूनही बघितलं नव्हतं. मी मुकाट्याने नाना पेठेत जाऊन ती डबी आणली. शेठ त्या दिवशी काही बोलले नाहीत. पुण्यात एवढी दया पुष्कळ झाली.

गाडी अजून काकूंकडेच आहे आणि उत्तम चालते. महिन्यातून एकदा मी ती पेठेतून फिरवून आणतो. काकूंना दर वेळी विचारतो. त्या येत नाहीत.

आता कुणी जुनी गाडी घेऊन आलं की मी पहिला प्रश्न विचारतो, "कधीपर्यंत हवी आहे?" नंबर मग बघतो.